आईच्या नावातलं शेवटचं अक्षर

मा नावाच्या पाथरवट मिस्त्रीने थडग्यावरच्या शिळेचा कागद जेवणाच्या टेबलावर पसरला, तेव्हा आता हे काम मार्गी लागलं असं वेईचनला वाटलं होतं. आईला जाऊन तिसरं वर्ष लागत होतं. तिसऱ्या वर्षी शिळा उभी करायची, हा लुओयांगच्या आसपासचा रिवाज, आणि छिंगमिंगला, म्हणजे पितरांच्या सणाला, सगळं घर थडगं झाडायला जमणार होतं. त्या दिवशी शिळा तयार हवी तर मिस्त्रीला आत्ताच होकार द्यायला हवा होता. कागदावर दोन नावं होती. एक वडिलांचं, खौ शूहंग; ते अजून हयात, म्हणून लाल रंगात. दुसरं आईचं, त्वान सूयुन, काळ्या रंगात. म्हाताऱ्याने बघून मान हलवायची, एवढंच बाकी होतं.

खौ गुरुजींनी मान हलवली, पण आडवी. मग पेन्सिलीकडे बोट केलं. उजवा हात पक्षाघाताच्या झटक्यात गेलेला, तेव्हा पेन्सिल डाव्या हातात धरली, आणि बायकोच्या नावातलं शेवटचं अक्षर, युन, इतक्या रागाने खोडलं की कागद फाटायचाच राहिला. युन म्हणजे ढग. दोन आडव्या रेघा, खाली एक वळण, एक टिंब. पहिलीतलं पोरही ते न बघता लिहितं. त्याच्या शेजारी गुरुजींनी सावकाश एक दुसरंच अक्षर काढलं. वर पावसाची खूण, त्याखाली ओळीने चार चौकटी, म्हणजे चार तोंडं, आणि तळातून बाहेर पडलेली एक लांब वळणदार शेपटी. डावा हात असूनही काय देखणं अक्षर. मिस्त्री वाकून बघतच राहिला.

"हे काय आहे ताई?" त्याने विचारलं.

वेईचनला कुठून माहीत असणार. ती शहरातली बस चालवायची. तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली होती आणि झालं एकदाचं, अशा समाधानाने ते खुर्चीत मागे टेकले होते.

आता दुसऱ्या कुणाचा बाप असता तर प्रश्नच नव्हता. झटक्याने डोकं फिरलंय म्हणून कागद बाजूला सारला असता आणि गप्प छापलेलं नाव कोरून घेतलं असतं. पण खौ गुरुजींचं सगळं आयुष्य असल्याच अक्षरांत गेलं होतं. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत बसून मांगशानच्या जुन्या थडग्यांतल्या शिलालेखांचे शाईने ठसे घ्यायचे आणि त्यात एकेक अक्षर शोधायचं, हेच त्यांचं काम. दीड हजार वर्षांपूर्वीचे पाथरवट काय मनाचे राजे. एकच अक्षर एकाने टिंब देऊन कोरलंय, दुसऱ्याने पाय तोडून, तिसऱ्याने भलतंच काहीतरी डोक्यावर ठेवून. गुरुजी ते सगळे प्रकार जमवायचे. मोठमोठे प्राध्यापक अडले की त्यांना फोन करायचे, आणि हे इकडे भात चावता चावता सांगायचे की अमुक राणीच्या समाधीवर आहे ते, डावीकडून चौथ्या ओळीत.

आईला या सगळ्याचा मनस्वी कंटाळा होता. ती सूतगिरणीच्या भटारखान्यात कामाला होती आणि तिला वाचायला यायचं ते बेताचंच. लग्नाआधी गुरुजी तिला पत्रं पाठवायचे आणि दर पत्रात तिचं नाव निराळ्या जुन्या वळणात लिहायचे. दर वेळी वाटायचं, हा बाबा दुसऱ्याच कुणाला पत्र लिहितोय, असं ती हसून हसून सांगायची. या माणसाला चाळीस वर्षांत माझं नाव एकदा धड लिहिता आलं नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. गुरुजी त्यावर नुसते लाजायचे.

म्हणून वेईचनचं घोडं अडलं. हे त्यातलंच एखादं वळण असेल तर? साध्या ढगापेक्षा बायकोला शोभेल असं काही त्यांनी एवढ्या वर्षांत हेरून ठेवलं असेल तर?

शरद ऋतूत झटका आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं होतं. वाचा गेलीय, ती थोडीफार येईल. लिहिणंही बिघडलंय. अशी माणसं कधीकधी अक्षरासारखं दिसणारं काहीतरी लिहितात, पण ते अक्षर नसतं. तुकडे सगळे बरोबर असतात, जुळणी चुकते, आणि लिहिणाऱ्याला ते कळत नाही. हे ऐकताना वेईचनने मान डोलावली होती. आता तो कागद समोर धरून ती पुन्हापुन्हा बघत होती, आणि तुकडे खरंच सगळे बरोबर होते.

तिने वडिलांनाच विचारून बघितलं. हे आईचं नाव आहे का? त्यांनी मान हलवली, हो. हे खरंच कुठल्या शिळेवर आहे का? हो. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने विचारलं, बाबा, आज रविवार आहे ना? बुधवार होता. गुरुजींनी त्याच गंभीर चेहऱ्याने मान हलवली, हो. वेईचनला इतकी शरम वाटली की ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. ज्या बापाला उभा प्रांत विचारायला यायचा, त्याची तिने अशी परीक्षा घ्यावी?

मिस्त्रीने सकाळपर्यंत थांबायचं कबूल केलं. वेईचनने अक्षराचा फोटो काढून फांगला पाठवला. फांग हा गुरुजींचा सगळ्यात हुशार शिष्य, आता विद्यापीठात मोठ्या हुद्द्यावर, आणि माणूस भला. त्याने हातातलं काम टाकून कोश उलथेपालथे केले, दोघांना विचारलं आणि संध्याकाळी फोन केला. पहिल्यांदा बराच वेळ तो नुसताच गुरुजींच्या तब्येतीबद्दल बोलत राहिला. त्यावरूनच वेईचनने ओळखलं की यानेही हात टेकलेत.

मग त्याने सांगितलं ते असं. पाऊस ढगाचाच आहे, जुन्या ढगावर पाऊस असतोच. शेपटी तर त्याहून जुनी. हाडांवर अक्षरं कोरायचे तेव्हाचा ढग असाच वळणदार काढत. म्हणजे अडाण्याचं काम नाही हे. पण पावसाखाली तोंडं येतात ती आत्मा या अक्षरात, आणि तिथे तीन असतात. ही चार आहेत. असं अक्षर कुठल्याही कोशात नाही.

"म्हणजे चूक आहे?" वेईचनने विचारलं.

"ताई, गुरुजींनी मला शिकवलं त्यातलं निम्मंही कोशात नव्हतं," फांग म्हणाला. "मी कोणत्या तोंडाने चूक म्हणू?"

"मग बरोबर म्हण."

फांग अगदी हळू आवाजात म्हणाला की हे सांगू शकेल असा एकच माणूस त्याला ठाऊक आहे, आणि तो तुमच्याच घरात बसलाय.

धाकटा भाऊ च्येनपिंग दक्षिणेत शेनझेनला असतो. त्याला फोन केला तर तो वैतागला. ओळखपत्रावर आहे ते नाव कोर आणि मोकळी हो, म्हणाला. आईला स्वतःला तरी ते धूड वाचता आलं असतं का? बोलणं काही चुकीचं नव्हतं. पण शेनझेनला बसून बरोबर बोलणं सोपं असतं. वडिलांच्या तोंडात घास भरवताना त्यांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

सकाळी वेईचनने साधंच नाव ठेवायचं मनाशी नक्की केलं. मिस्त्री आला, तिने त्याला न खोडलेला दुसरा छापील कागद दिला, आणि नेमका गुरुजींनी तो पाहिला. पेन्सिल जवळ नव्हती. त्यांनी नखाने ते अक्षर खरवडायला सुरुवात केली. बाबा, असू दे, हेच बरोबर आहे, असं ती म्हणाली तसे ते रडायला लागले. तोंडातून लाळ, नाकातून पाणी, आणि नुसतं आ, आ. तिने आंबवलेल्या मुगाच्या शेवया पुढे केल्या, एरवी त्या दिसल्या की त्यांचा चेहरा फुलायचा. त्यांनी वाटी लोटून दिली आणि कपड्यावर, टेबलावर, आपल्या मांडीवर बोटाने काढत राहिले: पाऊस, चार तोंडं, शेपटी. दर वेळी तेच, रेघेचाही फरक नाही.

वेडाच्या भरात लिहिलेलं दर वेळी तंतोतंत तसंच कसं येईल, असं वेईचनला वाटलं. येतं, असंही होतं, असं डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. त्यांना काय माहीत, असं म्हणावं तर त्यांनाच माहीत. तिला मिस्त्रीसमोर रडू फुटलं. आजारी पडल्यापासून या माणसाने एक गोष्ट मागितली होती, आणि ती शहाण्याची आहे की वेड्याची हे ठरवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. तिला साधा ढग आणि जुना ढग यांतला फरकसुद्धा धड सांगता आला नसता.

"त्यांनी लिहिलंय तेच कोरा," शेवटी ती म्हणाली.

मिस्त्रीने डोकं खाजवलं. दगडावर खोडरबर चालत नाही ताई, गावचे लोक हसतील, असं त्याने एकदा बोलून दाखवलं. हसू देत, म्हणाली ती. त्याने गुरुजींचा कागद घडी घालून खिशात ठेवला. गुरुजींनी ते पाहिलं आणि खुणेने शेवया मागितल्या. सगळी वाटी संपवली.

त्यानंतरचे दिवस बरे गेले, हे सांगायलाच हवं. एक तरुण बाई एक दिवसाआड घरी येऊन चित्रं आणि अक्षरं दाखवून त्यांच्याकडून वदवून घ्यायची. आधी नुसतं हुं. मग एकदा मिठाच्या डबीवर बोट ठेवून ते स्पष्ट म्हणाले, मीठ. वेईचनने सगळ्या शेजाऱ्यांना सांगितलं. मग पाणी, दार, बस. चाकांच्या खुर्चीतून सकाळी गोमांसाच्या सूपाला नेलं की दुकानांवरच्या पाट्या ते अडखळत वाचायचे आणि बरोबर आली की तिच्याकडे बघायचे. ती टाळ्या वाजवायची, भर रस्त्यात, काही न वाटून घेता. च्येनपिंगला तिने फोनवर ऐकवलं, तर तोही पलीकडे नाक ओढायला लागला. मनातून ती फार खूश होती, की बरं झालं, त्यांच्या शब्दाला आपण मान दिला. छिंगमिंगची ती वाट बघायला लागली.

छिंगमिंगला ऊन पडलं होतं. गव्हाची शेतं गुडघाभर वाढलेली, बांधावरून खुर्ची ढकलताना च्येनपिंगची दमछाक झाली. थडग्यावर मातीचा नवा ढीग घातलेला, शेजारी पांढरी स्वच्छ शिळा, वर लाल कापड. वेईचनने फळं मांडली, कागदी नोटा जाळल्या, सगळ्यांनी डोकं टेकवलं. मग तिने कापड ओढलं आणि वडिलांची खुर्ची अगदी जवळ नेली. मिस्त्रीने काम चोख केलं होतं. शेपटीचं वळणसुद्धा जसंच्या तसं उतरलं होतं.

गुरुजी वाचायला लागले. लाल अक्षरं आधी. खौ. शू. हंग. आपलंच नाव वाचून त्यांना गंमत वाटली, ते हसले. च्येनपिंगने हे समोरासमोर पहिल्यांदाच ऐकलं, त्याने डोळे पुसले. मग बोट काळ्या अक्षरांवर गेलं. त्वान. सू.

तिथे बोट थांबलं. त्यांनी पुढे वाकून पावसावरून बोट फिरवलं, एकेका तोंडावरून फिरवलं, शेपटीपाशी आले, परत वर गेले. कपाळाला आठ्या पडल्या. या कपाळाकडे बघून थोरथोर माणसं गप्प व्हायची. वेईचनला वाटलं, आता ते सांगतील.

"चूक," गुरुजी म्हणाले.

इतका स्वच्छ शब्द झटक्यानंतर त्यांच्या तोंडून आला नव्हता. त्यांनी वेईचनचा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि त्यावर बोटाने लिहिलं. दोन आडव्या रेघा, एक वळण, एक टिंब.

"युन," ते म्हणाले. "आई. युन." आणि शिळेकडे बोट करून, "कोणी?"

च्येनपिंगने तोंड उघडलं होतं. वेईचनने त्याचं मनगट इतक्या जोरात आवळलं की तो जागच्या जागी गप्प झाला. त्या दिवशी टेबलाशी ते हेच चार रेघांचं अक्षर मागत होते, समोर छापलेलं असताना मागत होते, आणि त्यांना ते दिसत नव्हतं.

"मी, बाबा," ती म्हणाली. "मीच सांगितलं मिस्त्रीला. माझी चूक झाली."

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. रागावले नाहीत. डाव्या हाताने तिची मूठ नीट मिटवली, वर थोपटलं, जाऊ दे असं काहीसं पुटपुटले. मग खिशातून रुमाल काढून डाव्या हाताने ते दगड पुसायला लागले, शेवटच्या अक्षरावर, जोर लावून. वेईचनने त्यांना थांबवलं नाही, आणि ते बराच वेळ पुसत राहिले.