देखभालीचं लॉगिन

साहेबांनी कंट्रोल रूमचं दार आतून लावून घेतलं तेव्हा ती टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"काल दुपारी कोणीतरी बाहेरून शिरून क्लोरीनचा डोस तिप्पट केला," साहेब म्हणाले. "पाळीवरच्या ऑपरेटरने वेळीच पंप हाताने बंद केला म्हणून निभावलं. नाहीतर ते पाणी गावभर नळांना गेलं असतं. वापरलंय ते देखभालीचं लॉगिन, नवी यंत्रणा बसवताना कंपनीच्या माणसांना दिलं होतं ते. पासवर्ड इथे काकांना आणि बाईंना, दोघांनाच ठाऊक आहे."

सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. तिच्याकडे एकही नाही. या जलशुद्धीकरण केंद्रात सुरक्षेचे नियम तीच लिहायची. तिच्यावर संशय घेणं म्हणजे कुलपावर चोरीचा आळ घेणं.

काका पाळीप्रमुख. काल रजेवर, घरी. बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी तिला विनवलं होतं, "बाई, घरून नुसतं बघण्यापुरती तरी परवानगी द्या. तिकडे बसलो की इकडचा घोर लागतो." तिने मान हलवली होती. "काका, नियम सगळ्यांना सारखे." आणि वर बराच वेळ प्रवचन झोडलं होतं.

"काका, घरून बघायला मिळावं म्हणून तुम्हीच मागे लागला होतात ना?" साहेबांनी विचारलं.

"मागितलं होतं. मिळालं नाही." काका शांतपणे म्हणाले, "आमच्या घरातला कॉम्प्युटर मला चालू करता येतो साहेब, बंद करायला नातू लागतो."

कोणी हसलं नाही.

"चौकशी होईपर्यंत घरीच थांबा," साहेब म्हणाले.

ती टेबलाच्या कडेला नखाने टोकरत राहिली. पूर्वी डोस बदलायचा तर जिना चढून चाक फिरवावं लागे. आता पडद्यावर बोट सरकवलं की झालं. लेक सारखी आजारी पडायची, म्हणून घरून काम करता यावं यासाठी तिने ते लॉगिन स्वतःपुरतं चालू ठेवलं होतं. घरी टेबलाच्या कोपऱ्यांना तिने स्पंज चिकटवला होता, औषधं वरच्या फळीवर हलवली होती, खिडक्यांना जाळ्या लावल्या होत्या. काल घरी दूध उतू जातंय म्हणून उठली, टॅब सोफ्यावर तसाच. परत येते तर लेक पडद्यावरची डोसची निळी पट्टी वर सरकवून खिदळतेय. तिने पट्टी घाईघाईने खाली आणली, टॅब उशीखाली खुपसला आणि केंद्रात फोन केला नाही. कोणी विचारलंच तर सांगू, अशी स्वतःची समजूत घातली.

काकांनी खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर उचलला.

"काका, थांबा," ती म्हणाली. "साहेब, ते माझ्या टॅबवरून झालं. माझ्या मुलीने केलं. लॉगिन मी माझ्यासाठी ठेवलं होतं." ती खुर्चीवरून उठली. "आणि मला कालच कळलं होतं."

"मुलगी केवढी आहे?"

"पावणेदोन वर्षांची."

"म्हणजे हॅकर झबल्यातली निघाली," काल पंप बंद करणारी ऑपरेटर पुटपुटली, आणि खोलीभर सुटकेचं हसू पसरलं. तिला ते अंगावर गरम पाणी सांडल्यासारखं लागलं.

साहेबही सैलावले. "मग बाहेरचा कोणीतरी, असंच लिहून टाकू. घरातली गोष्ट घरात."

"नको. माझं नाव लिहा," ती म्हणाली. "घरी काकांनी नाही, मी थांबायचं."

सगळ्यांदेखत तिने ते लॉगिन बंद केलं. मग काकांकडे वळली. "काका, तेव्हा मी तुम्हाला नाही म्हटलं..."

"ते बरोबरच होतं तुमचं." त्यांनी स्वेटर पुन्हा खुर्चीवर टाकला. "घरून हेच बघत बसलो असतो, तर बायकोकडे बघितलं नसतं."

ते पडद्यासमोर बसले. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

ती पर्स घेऊन निघाली. दारावर तिनेच चिकटवलेला नियमांचा कागद होता. तो नजरेला पडू नये म्हणून तिने मान खाली घातली आणि चाचपडतच कडी काढली.