शून्य वॉर्निंग्ज

आमच्या साहेबांना आकड्यांचं भारी वेड. सलाइन पंपाचा सी भाषेतला प्रोग्रॅम कंपाइल केला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवला, की भिंतीवरच्या पडद्यावर वॉर्निंग्जची, म्हणजे कंपायलरला खटकलेल्या जागांची, संख्या झळकते. ती शून्य झाल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर जाणार नाही, असा त्यांचा फतवा. फतवा चांगलाच होता, पण तो काढणाऱ्याने प्रोग्रॅम कधी उघडून पाहिला नव्हता.

शून्य आणायचं काम मौनीबाबाकडे होतं. तो स्वतः अखंड बडबड्या, पण कुठल्याही वॉर्निंगचं तोंड चुटकीसरशी बंद करायचा, म्हणून हे नाव. दुपारी पडद्यावर शून्य लागलं आणि त्याने कॉलर ताठ केली. मी मुळात संशयी. शेवटची वॉर्निंग त्याने कशी घालवली, ते उघडून बघितलं.

त्याने एक अख्खी अटच पुसून टाकली होती: उरलेलं औषध शून्याच्या खाली गेलं तर भोंगा वाजव.

"ही का काढलीस?"

"अगं, कंपायलरच म्हणत होता, ही अट कधीच खरी ठरणार नाही. मग ठेवायची कशाला? असून नसून सारखीच."

माझं डोकं फिरलं, कारण त्याचं बरोबर होतं. उरलेलं औषध आम्ही अनसाइन्ड आकड्यात ठेवलं होतं. त्या आकड्याला उणे ठाऊकच नसतं. तीनातून पाच वजा केले तर उणे दोन येत नाही, तो भलामोठा आकडा होऊन बसतो. म्हणजे पिशवी रिकामी झाली तरी पंपाला वाटणार, औषध उदंड आहे.

"अरे, तो अट काढ म्हणत नव्हता. भोंगा वाजणार नाही, असं सांगत होता."

"पण चाचणीत तर वाजतो."

"चाचणीत आपण डोसच असा घेतो की पिशवी नेमकी शून्यावर संपते. त्या शून्याची अट वेगळी आहे. शून्य ओलांडून खाली गेलं की भोंगा वाजतच नाही."

मौनीबाबाने पुसलेली अट पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाला, "जुन्या आवृत्तीतही हेच असेल?"

तेच होतं. जुन्या आवृत्तीत ती अट होती, वॉर्निंगही येत होती, आणि कुणी ती वाचली नव्हती. ती आवृत्ती दवाखान्यांत चालू होती. त्यातल्याच एका दवाखान्यात आमच्या पंपाला माझी आई जोडलेली होती. तिचा रक्तदाब पंपातून जाणाऱ्या औषधावर टिकून होता आणि डॉक्टरांनी सकाळीच डोस बदलला होता, म्हणजे पिशवी नेमकी शून्यावर संपेलच असं नव्हतं.

धाकट्या भावाला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"खाली, कँटीनमध्ये. आई झोपलीय."

"पिशवीत किती उरलंय?"

"थोडंसं असेल. पिशवी संपली की मशीन वाजतं, असं सिस्टर म्हणाल्या. म्हणून तर दोन घास खायला उतरलो, ताई. त्यातून मशीन तुमचंच. म्हटलं, काळजी नाही."

"वर पळ. ते वाजणार नाही."

त्याने फोन बंद केला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग जिन्यावरची त्याची पावलं, त्याची धाप, मग सिस्टरना मारलेली हाक. मौनीबाबा माझ्या शेजारी उभा होता.

"ताई, पिशवी रिकामी आहे," भाऊ म्हणाला. "सिस्टर दुसरी लावतायत. आई ओ देत नाहीये. आणि मशीनवर अजून हिरवाच दिवा आहे."