सासरेबुवांच्या टाळूला ऊन लागतं

जावई रोपवेच्या वरच्या स्टेशनावर मेकॅनिक होता आणि त्याला तिथंच राहायचं होतं. सासरेबुवांना मात्र तो खाली, आपल्या फर्निचरच्या दुकानात गल्ल्यावर हवा होता. पाटीवर त्याचं नाव रंगवायलाही त्यांनी टाकलं होतं. जावयाला नाही म्हणायचं होतं, पण सासरेबुवांच्या बोलण्यात सुई शिरेल एवढी फट सापडेल तर शपथ. "या खेपेला तूच सांग. मी मध्ये पडणार नाही," असं बायकोने बजावलं होतं.

शेवटी त्याचं मन वळवायला सासरेबुवा स्वतःच वर आले. जावयाने क्रीमची ट्यूब पुढे केली. "बाबा, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांनाही लावा. इथं बर्फावरून ऊन उलटं वर येतं."

"ऊन वरून पडतं, जावईबापू. मी टोपी घातलीये."

काळा चष्मा त्यांनी घातला खरा, पण लगेच काढून खिशात टाकला. डोळ्याला डोळा भिडवल्याशिवाय त्यांनी आजवर साधं स्टूल विकलं नव्हतं.

जावई चाकांना ग्रीस लावत होता आणि सासरेबुवा बर्फात उभं राहून सागवान, प्लायवूड आणि गिऱ्हाइकांचा स्वभाव यांवर बोलत होते. विरळ हवेने दम लागलेला, त्यामुळे श्वास घ्यायलासुद्धा तोंड उघडंच, आणि बर्फावरचं ऊन थेट आत. जावई काय करणार? सासऱ्याला "तोंड मिटा" म्हणायची सभ्य रीत अजून निघालेली नाही.

संध्याकाळी सासरेबुवांच्या डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं. हनुवटीखाली आग, नाकपुड्या लाल, आणि जीभ-टाळू अशी भाजली की पाण्याचा घोटही घेववेना. स्टेशनातल्या नर्सबाईंनी डोळ्यांवर गार पट्ट्या बांधल्या, दोन-तीन दिवसांत बरं वाटेल म्हणाल्या आणि बोलायला बंदी केली. आता सासरेबुवांचे फक्त कान उरले, आणि तेही जवळजवळ न वापरलेले.

जावयाला त्यांची दया आली, अगदी मनापासून आली. तरी त्याने खाटेजवळ स्टूल ओढलं. दुकानात आपला जीव रमणार नाही, रोपवेचा पाळणा सुखरूप वर आला आणि माणसं हसत उतरली की आपल्याला दिवसाचं सार्थक वाटतं, पाटीवरचं नाव पुसा, असं सगळं त्याने सांगून टाकलं.

सासरेबुवांनी चाचपडत त्याचा हात धरला.

"मग," ते कसेबसे म्हणाले, "हे आधी बोलायचं नाही का?"