फेकलेलं मीठ

"भाव पाडून आनलास तरच तुला कोबी. दुकानातल्या बोर्डाच्या भावात मीठ आनायला तुजी कशाला गरज? त्ये माजा नवराबी आनंल, आन् त्याला तर बाजारात तोंडसुदिक उघडता येत न्हाई."

सरपंचीण हे सगळ्या बायांच्या देखत बोलली आणि कोयता घालून एक गड्डा बुडातून कापून मोकळी झाली. बामगोल वाडीच्या त्या उतारावर सकाळपासून कोबी तोडायचं काम चाललं होतं. रात्री दहिवर गोठून बाहेरची पानं करपली होती. आणखी दोन-चार दिवस रानात राहिला असता तर सगळा कोबी गोठून पाणी झाला असता. म्हणजे कोबी मुरवायला मीठ आता पाहिजे होतं, पुढच्या बाजारापर्यंत थांबायची सोय नव्हती.

गोकसंगकरीण बांधावर उभी राहून ऐकत होती. तिला नाव असेल काहीतरी, पण तिकडं लग्न झालेल्या बाईला माहेरच्या गावानंच हाक मारतात, आणि हिचं माहेर गोकसंग. नवरा केव्हाच गेलेला. परसात मिरच्या होतील एवढीच जमीन. कोबीला जागा कुठली? पण दर हिवाळ्याला तिचे रांजण किमचीनं, म्हणजे मिठा-मिरचीत मुरवलेल्या कोबीनं, भरलेले असायचे, कारण सगळ्या वाडीचं मीठ एकत्र घ्यायचं आणि ते घासाघीस करून आणायचं काम हिचं. पैसे वाचवायची ती आणि त्या बदल्यात वाडी तिला कोबी द्यायची. कुणाची मेहेरबानी नाही, असं ती छातीवर हात ठेवून सांगायची.

"तीस वर्सं तुमचं पैसं वाचवलं म्या," ती म्हणाली. "आन् भावाची एक फळी ठोकली कुनी दुकानात, तर लगीच मी नकोशी झाले व्हय?"

"तीस वर्सं कोबीबी खाल्लास की," सरपंचीण म्हणाली. "यंदा खानार का न्हाई, त्ये उद्या सांजंला कळंल."

बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या. एकीनंही तिची बाजू घेतली नाही. गोकसंगकरणीला राग आला तो ह्याच गोष्टीचा. ह्यातल्या प्रत्येकीच्या घरात तिनं भाव पाडून आणलेली चप्पल होती, पातेलं होतं, सुनेला घेतलेलं कापड होतं. पण राग गिळला तिनं. कोबी नाही तर किमची नाही, आणि किमचीवाचून हिवाळा म्हणजे नुसत्या भाताच्या वाडग्याकडं बघत बसायचं. शिवाय किमची मागायला दारोदार वाडगा घेऊन जायचं तर आधी सरपंचिणीच्या दारात जावं लागलं असतं. त्यापेक्षा नुसता भात बरा.

बाजार दर पाचव्या दिवशी भरायचा. गोकसंगकरीण पहिल्या बसनं जायची, आणि त्यात तिचा डाव होता. पहिल्या गिऱ्हाइकाला विन्मुख पाठवायचं नाही, हा तिकडच्या दुकानदारांचा नेम. भवानी झाली तर दिवस बरा जातो. पहिलंच गिऱ्हाईक भाव करून तसंच निघून गेलं तर दिवसभर माशासुद्धा फिरकत नाहीत म्हणतात. असं कुणी निघून गेलं तर त्याच्या मागं मूठभर मीठ फेकतात, अवदसा परत येऊ नये म्हणून. गोकसंगकरीण दुकान उघडायच्या आत दारापाशी जाऊन उभी राहायची. तिला बघितलं की दुकानदारांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. कासारानं तर एकदा ती वळणावर दिसताच शेजाऱ्याला हाताला धरून आत ओढला होता आणि एक चमचा विकून भवानी करून घेतली होती.

मिठाच्या दुकानात मात्र गोष्ट वेगळी. तिथं मोकफोकरीण बसायची. दोघींचं वैर तीस वर्षांचं. एक मीठ गोड म्हणायची, दुसरी कडू म्हणायची. एक माप भरलं म्हणायची, दुसरी माप उचलून हापटायची. दुपार व्हायची, लोक डबे घेऊन बघायला यायचे. शेवटी भाव ठरायचा आणि दोघीही आपण बुडालो असं सांगत फिरायच्या.

पण म्हाताऱ्या मोकफोकरणीचे गुडघे गेले. लेक दोकमान शहरातली नोकरी सोडून आला आणि त्यानं गल्ल्यामागं पांढरी फळी ठोकली: भाव एकच, घासाघीस नाही.

त्या दिवशी गोकसंगकरीण पोचली तेव्हा रस्त्यावरच्या डबक्यांवर बर्फाची साय धरली होती. दोकमाननं दार सरकवलं.

"या मावशी. किती देऊ?"

"आदी भाव सांग."

"बोर्डावर आहे."

"मला वाचता येत न्हाई."

त्यानं वाचून दाखवला.

"ह्यो झाला बोर्डाचा. आता तुजा सांग."

"माझा तोच आहे, मावशी."

"तुला सोताचा भावसुदिक न्हाई? एवढा शिकून आलास म्हनं."

पोरगं हसलं नाही, चिडलंही नाही. हेच तिला झोंबलं. चिडणाऱ्या माणसाशी बोलता येतं. हा भिंतीसारखा उभा. तिनं उघड्या पोत्यात हात घातला, मीठ मुठीत आवळलं आणि तळवा त्याच्यासमोर धरला. चांगलं मीठ झटकलं की पडतं. हे चिकटून बसलं होतं.

"बग. वलं हाय. पान्याचं पैसं मागतोस व्हय?"

मागच्या खोलीचं कागदी दार खाडकन सरकलं. मोकफोकरीण खालून तापवलेल्या जमिनीवर बसल्या बसल्या ढुंगणावर घसटत उंबऱ्यापाशी आली.

"वलं? माज्या मिठाला वलं म्हनायला कोन गोकसंगची रानडुकरीन आलीया?"

"आलीस का? मला वाटलं मेलीस. लेकानं मूठमाती दिऊन वर फळी ठोकली म्हनं."

"तुजा हात वला असंल. जलमभर दुसऱ्याच्या भांड्यात घालतीस न्हवं."

"आन् तू जलमभर खाऱ्या पान्याला मीठ म्हनून इकतीस. चौथा हिस्सा कमी कर, मग उचलते."

"चौथा? तुज्या तोंडाला..." म्हातारीचे डोळे चमकायला लागले होते. तिनं बाहीनं नाक पुसलं आणि नीट मांडी घातली. "तुज्या तोंडाला लाज असंल तर ईसावा हिस्सा म्हन, आन् त्योबी..."

"आई," दोकमान म्हणाला, "तू मधे पडू नको. भाव एकच. हिला कमी केला तर उद्या सगळा बाजार दारात येऊन बसेल."

म्हातारी गप्प बसली. बोर्ड लागल्यापासून ती रोज अशीच गप्प बसायची. बाया यायच्या, वर बघायच्या, पैसे ठेवायच्या, मीठ घेऊन जायच्या. कुणी तिच्या मिठाला नाव ठेवत नव्हतं आणि कुणी तिच्याशी बोलतही नव्हतं. भाव करायचा नाही म्हटल्यावर बोलायचं काय, हे कुणालाच कळत नव्हतं.

गोकसंगकरणीनं शेवटचा डाव टाकला. ती वळली.

"मग मी निगाले. भवानी न करता."

"जा की मावशी," दोकमान म्हणाला. "मी मानत नाही ते."

हे तिनं धरलंच नव्हतं. बाहेर पडलं तर डाव संपला, परत फिरलं तर तोंड काळं. पण पाय उचलला होता. ती उंबरा ओलांडून गेली.

"मोडलीस माजी भवानी?" म्हातारी आतून ओरडली. तिनं शेजारच्या पोत्यातलं लाकडी माप उचललं, मुठीनं भागवलं नाही, आख्खं माप भरून गोकसंगकरणीच्या पाठीवर फेकलं. "अवदसा कुठली. जा, सात गावांपल्याड जा."

खडे मानेवरून आत गेले. गोकसंगकरीण गर्रकन वळली, शिवी ओठावर आली होती, तोवर तिची नजर खाली गेली. कमरेच्या जाड फडक्याच्या घडीत मीठ अडकून बसलं होतं. चांगलं ओंजळभर.

तिनं फडक्याची दोन्ही टोकं धरली आणि ओचा पसरला.

"येवढंच?" ती म्हणाली. "हाताला लकवा भरलाय का?"

दुसरं माप आलं. ते तिनं ओच्यात झेललं.

"आई," दोकमान धावला, "अगं माप टाकतेस तू. पैसे कोण देणार?"

"तुज्या फळीवर हाय का लिवलेलं," म्हातारीनं त्याचा हात झिडकारला, "फेकायच्या मिठाचा भाव काय म्हनून? वाच की. शिकलायस न्हवं?"

दोकमाननं खरंच वर बघितलं. तोवर गोकसंगकरीण पुन्हा आत आली होती.

"भाव कमी करतीस का?"

"न्हाई."

"मग निगाले."

आणि पुन्हा माप. असं ती किती वेळा आत आली आणि बाहेर गेली, देव जाणे. रस्त्यावर माणसं गोळा झाली. कासार डबा वाजवत उभा राहिला. शिव्यांत दोघींनी एकमेकींची माहेरं काढली, मेलेले नवरे काढले, सासवा काढल्या. म्हातारीला दम लागला, पण ती थांबेना. मधेच तिनं माप उघड्या पोत्यातून काढलं आणि मागं हात लांबवून कोपऱ्यातल्या मातीच्या रांजणात घातलं. त्या रांजणात तीन वर्षं ठेवून सगळा कडवटपणा गळून गेलेलं जुनं मीठ होतं, घरच्यासाठी राखलेलं. पुढची मापं त्या रांजणातली आली.

गोकसंगकरणीला ते ओच्यात पडताच कळलं. खडे सुके, मोकळे, एकमेकांवर घरंगळणारे. तिनं मान वर केली. म्हातारी तिच्याकडंच बघत होती.

"काय बगतीस, भिकारनी?"

"कायबी न्हाई, रांडे. फेक."

ओचा जड होऊन तिच्यानं उचलवेना तेव्हा ती गल्ल्यापाशी गेली आणि वाडीचे सगळे पैसे बोर्डाच्या भावानं मोजून ठेवले. दोकमाननं शिवलेली पोती काढून दिली. बोर्डाचा शब्द राहिला होता, तरी आपण फसलो का नाही हे त्याला समजत नव्हतं.

"परत ह्या दारात आलीस तर तंगडं मोडीन," म्हातारी म्हणाली.

"पाचव्या दिवशी येते. बगू कोन कुनाचं मोडतंय."

दुपारी सरपंच मागं ट्रॉली लावलेला टिलर घेऊन बाजारात आला. पोत्यांवर गोकसंगकरीण बसली आणि मांडीत तिचं वेगळं गाठोडं. टिलरच्या फटफटाटात सरपंचाला मागचं काही ऐकू येत नव्हतं, आणि एरवीही तो बोलणारा माणूस नव्हता.

सरपंचिणीच्या अंगणात कोबीचा ढीग लागला होता. हौदात पाणी भरून ठेवलं होतं. बाया वाटच बघत होत्या.

"भाव?" सरपंचिणीनं विचारलं.

"बोर्डाचा."

"झालं तर मग." ती बायांकडं वळून हसली. "सांगितलं हुतं न्हवं म्या?"

"पन ह्ये वरती आनलंय." गोकसंगकरणीनं गाठोडं सोडलं. जुनं मीठ बघून बाया पुढं सरकल्या. एकीनं चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि डोळे मोठे केले. "ह्येचा हिशेब धरला तर भाव पडला का न्हाई, तुमीच सांगा."

सरपंचीण काही बोलणार तोवर सरपंचानं दिवसभर न उघडलेलं तोंड उघडलं.

"त्ये मीठ तिच्यावर फेकलेलं हाय," तो म्हणाला. "सगळा बाजार सांगत हुता."

चिमूट खाणारी बाई थू थू करायला लागली. सरपंचिणीचा चेहरा उजळला.

"अवदसा घालवायचं मीठ? आन् त्ये माज्या रांजनात? उचल आदी हितनं. ह्ये धरायचं न्हाई हिशेबात. तुला कोबीबी न्हाई. जा."

गोकसंगकरीण हलली नाही. तिनं गाठोडं सावकाश बांधलं. मग कमरेला खोचलेलं दाभण काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं हातात धरलं.

"जाते की. पन सांगून जाते. म्या वाटंत समदी पोती उसवली, परतेकात मूठ मूठ ह्यातलं मिसळलं आन् परत शिवली. मालकास्नी इचारा, मागं काय चाललंय त्यास्नी कळत हुतं का."

सरपंच जमिनीकडं बघायला लागला.

"आता तुमीच ठरवा," ती म्हणाली. "फेकलेलं मीठ वंगाळ असंल तर समदीच पोती वंगाळ. टाका वढ्यात. कोबी गोटू द्या. आन् चांगलं असंल, तर मग म्या भाव पाडलाय."

उत्तरेकडून गार वारा सुटला होता आणि ढिगावरची पानं फडफडत होती. अंधार पडायच्या आत कोबी मिठात गेला नाही तर सकाळी काय होणार, हे प्रत्येकीला माहीत होतं. चिमूट थुंकलेली बाई हळूच म्हणाली, "तसं गोड हुतं म्हना."

सरपंचीण दात खाऊन म्हणाली, "घे तुजं गड्डं आन् तोंड काळं कर."

"गेल्या साली दिलं तसलं किडकं न्हाई," गोकसंगकरीण म्हणाली. "मी निवडून घेनार."

आणि तिनं घेतले. ढिगाच्या पार खालून, हात कोपरापर्यंत घालून, गच्च भरलेले, पांढऱ्या दांड्याचे. सरपंचीण तिथंच उभी राहून प्रत्येक गड्ड्यागणिक शिव्या देत होती, आणि ही एकेक गड्डा कानाशी धरून दाबून बघत होती.

पोत्यांच्या तोंडाची शिवण अजूनही दुकानातल्याच निळ्या सुतळीची होती. तिच्या दाभणात ओवलेला दोरा होता पांढरा. पण बाया कोयत्यांनी शिवण तोडून मीठ ओतायच्या घाईत होत्या, आणि निळ्या सुतळीचे तुकडे हौदाच्या कडेला चिखलात तुडवले गेले.

गाठोड्यातलं मीठ तिनं घरी जाऊन आपल्या कोबीला लावलं. चिमूटभर जिभेवर धरलं, डोळे मिटले, आणि मोकफोकरणीला एक सणसणीत शिवी घातली.