गोरक्षचा लांबलेला श्रावण

२००४ साली श्रावण दोनदा आला. अधिक महिना नेमका श्रावणात पडला, आणि निफाडच्या गोरक्ष निरगुडेला जन्मात पहिल्यांदा पंचांगाची गरज भासली.

गावाबाहेर, पिंपळगावच्या रस्त्याला गोरक्षचं ब्लोअर दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रॅक्टरमागं जोडून द्राक्षबागेत फवारणी करायचं यंत्र म्हणजे ब्लोअर. त्याचा पंप बसला, नोझल तुंबले की शेतकरी गोरक्षकडे येत. माणूस हाताचा पक्का. पण त्या उन्हाळ्यात त्याचं बिनसलं. पहाटे तीनलाच डोळा उघडायचा. पाना हातात घेऊन तो नुसता बसून राहायचा. जेवणात मीठ आहे की नाही हेही कळेना. त्याच्या बायकोनं, मथुरानं, आधी दृष्ट काढली, मग रक्त तपासून आणलं. काहीच निघेना, तेव्हा त्याला नाशिकला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "डिप्रेशन आहे. बरं होणारं आहे," त्या म्हणाल्या. "ही गोळी रोज रात्री जेवणानंतर. मी सांगेपर्यंत थांबवायची नाही. आणि दारू अजिबात नको."

गोळीनं लगेच काही केलं नाही, पण जून सरता सरता गोरक्षला भाकरीची चव लागू लागली. राहिली दारू. तसा तो रोजचा पिणारा नव्हता. शनिवारी संध्याकाळी रावजीच्या मळ्यात चौघं बसायचे, तेवढंच. रावजी वयानं मोठा, बागायतदार. नाथाची रोपवाटिका होती, आणि पुंजाराम एसटीत कंडक्टर होता. अंगणातल्या कडुनिंबाखाली दोन खाटा, भुईमुगाच्या शेंगा आणि गावच्या उखाळ्यापाखाळ्या. आजारपणातही गोरक्षनं हा वार चुकवला नव्हता, कारण आठवड्यात माणसात आल्यासारखं त्याला तिथंच वाटायचं.

आता पेला नको म्हटलं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं तर गोरख्या डोक्याच्या गोळ्या खातो हे सोमवारच्या आत तालुकाभर होणार. आणि नुसतं गप्प बसून राहावं, तर ज्याच्या हातात पेला नाही त्याला बैठकीत फार दिवस कुणी बोलवत नाही, हे त्यानं इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं.

त्यात गटारी आली. श्रावणात पिणं बंद म्हणून आषाढाच्या अवसेला सगळं उरकून घ्यायचं, ती गटारी. यंदा ती शनिवारीच होती. गोरक्षनं आपल्या धंद्यातला तोडगा काढला. दोन औषधं एका टाकीत मिसळायची नाहीत, आधी टाकी धुवायची आणि मग दुसरं औषध भरायचं, हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगे. त्यानं मथुराच्या नकळत चार दिवस गोळी घेतली नाही. टाकी धुतली गेली असं धरलं आणि गटारीला मळ्यात गेला.

दुसऱ्या पेल्यातच त्याचं गणित फसलं. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. जमीन हलत होती. नाथानं काहीतरी जुना विनोद सांगितला आणि सगळे हसत असताना गोरक्ष कडुनिंबाला टेकून हुंदके देऊन रडला. मित्रांनी त्याला जीपमध्ये घालून घरी सोडलं.

मंगळवारी मथुरा त्याला पुन्हा नाशिकला घेऊन गेली. टाकीची हकीकत ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"ब्लोअरची टाकी धुतली जात असेल, माणसाची अशी धुतली जात नाही," त्या म्हणाल्या. "गोळी अचानक बंद केली म्हणून झटके आले. दारूनं मन आणखी खाली गेलं, तिचं कामच ते. आणि दोन्ही एकत्र झाली तर गुंगी येते, तुम्ही तर यंत्रावर हात चालवता. चुकवायचीच असेल तर दारू चुकवा. गोळी नाही."

"घरात नाय ओ पीत मी. मित्रात बसावं लागतं."

"मग बसा की. बसायला कुठं मनाई केली मी?"

बाईंना बैठक ठाऊक नाही, असं म्हणत गोरक्ष परतला. पण वाटेत त्याच्या लक्षात आलं की श्रावण लागलाय. श्रावणात न पिणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. एक महिना निघाला.

तोही सुखासुखी निघेना. पुढच्याच शनिवारी पुंजारामनं बाटली काढली.

"श्रावण हाय ना?" गोरक्ष म्हणाला.

"हा अधिक. अधिक धरायचा नसतो. खरा ऑगस्टात लागतो. म्हंजे परवाची गटारी कच्ची, पक्की अजून व्हायचीय."

"कुणी सांगितलं? अधिक म्हंजे उलट जास्त पुण्याचा. माझी आई दोन्ही पाळती."

"तुझी आई पितच नाय."

"मी दोन्ही पाळणार," गोरक्ष म्हणाला.

नाथानं त्याला खालून वर न्याहाळलं. "लग्नात सत्यनारायणाला बसला तेव्हा पेंगत होता हा. आता पुंजारामला धर्म शिकवतोय."

दोन्ही श्रावण सरले. मग गणपती आले. विसर्जनापर्यंत नको, गोरक्ष म्हणाला. पितृपक्ष लागला, तेव्हा पितरांचे दिवस आहेत, असं तो म्हणाला.

"माझ्या आजोबाला चालत नव्हती असं नाय, लागतच व्हती," नाथा म्हणाला. "न ठेवली तर कावळा शिवायचा नाय पानाला."

पण एकदा सोवळं धरलं की अर्धं धरता येत नाही. दारू नाही म्हटल्यावर मटणही नाही म्हणावं लागलं. मित्र कोंबडीचा रस्सा ओरपत, आणि गोरक्ष वांग्याच्या भरताशी भाकरी खात असे. रस्सा मात्र तो नाकानं खाई. बाकी त्याचं बरं चाललं होतं. झोप लागत होती, हात चालत होता, शनिवारही सुटला नव्हता. मित्र त्याला 'महाराज' म्हणू लागले होते आणि त्याला त्याचंही काही वाटत नव्हतं.

घटस्थापनेच्या दिवशी रावजी दुकानात आला. बागांच्या छाटण्या सुरू झाल्या होत्या, दारात चार ब्लोअर उभे होते. रावजीनं खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. आत तुळशीची माळ होती.

"त्र्यंबकला गेलो व्हतो, तिथून आणली," तो म्हणाला. "दसऱ्याला मळ्यात कीर्तन ठिवलंय. कीर्तनकार महाराजांच्या हातानं तुला माळ घालू. त्या गटारीला झाडाला धरून रडलास ना, तेव्हाच मी म्हणलो, ह्याला काहीतरी दिसलं. चारचौघांत मी सांगत असतो, एका रातीत माणूस सुधरतो तो असा."

माळ घातली की जन्माची सुटका होती. माळकऱ्याला पेला कुणी पुढं करत नाही, आणि कारण विचारायचं तर नावच नको. रात्री जेवताना त्यानं मथुराला सांगितलं.

"घाला की," मथुरा म्हणाली. "मटण बंद, अंडं बंद, जन्मभर. पण तुमची दारू देवानं सोडवली का गोळीनं?"

"गोळीनं."

"मग माळ कुणासाठी घालताय? देवासाठी का रावजीभाऊजींनी काही विचारू नये म्हणून?" तिनं त्याच्या पुढ्यात गोळी आणि पाण्याचा तांब्या ठेवला. "लोक काय म्हणायचं ते म्हणतील. खोटी माळ गळ्यात बाळगून तुमचं डोकं ताळ्यावर राहायचं नाही, एवढं मला कळतं."

शनिवारी तो नेहमीपेक्षा लवकर मळ्यात गेला. ऊन अजून कलतं होतं. रावजी खाटेवर बसून हाताला लागलेली पेस्ट काथ्यानं खरवडत होता. छाटलेल्या काडीला फुटण्यासाठी ती लावतात. नाथा शेंगा भाजत होता, पुंजाराम अजून खाकी कपड्यातच होता.

"रावजीभाऊ, माळ मला नको," गोरक्ष म्हणाला. "मला काही दिसलं नव्हतं. मी गोळ्या खातो. मनाच्या. त्यावर दारू चालत नाय. गटारीला मी गोळ्या बंद करून प्यायलो, म्हणून ते तसं झालं. श्रावण, पितर, सगळं निमित्त व्हतं."

शेंगा करपल्याचा वास आला, तेव्हा नाथानं पाटी खाली उतरवली.

"म्हंजे डोक्यावर परिणाम झालाय का?" त्यानं विचारलं.

"परिणाम झाला असता तर तुझा पंप नीट केला असता का मी?"

"नीट कुठं केला? गळतोय अजून."

पुंजाराम हसला. रावजी हसला नाही. त्यानं हात धुतले, पुसले.

"चार गावांत सांगून बसलो मी," तो म्हणाला. "महाराजांनाबी सांगितलं. मला एका शब्दानं बोलला असतास तर?"

"तुम्ही बोलावणं बंद केलं असतं तर मी कुठं जाणार व्हतो?"

रावजीनं त्याच्याकडे पाहिलं, मग कडुनिंबाकडे. खाटेची सैल झालेली सुंभाची वीण त्यानं बोटानं ओढून घेतली.

"गोळीवर मटण चालतं का?" त्यानं अखेर विचारलं.

"चालतं."

"बाईंनी तसं सांगितलंय?"

"मटणाचं नावच काढलं नाय त्यांनी."

"मग तीन महिने माझ्या घरची वांगी कशापायी खाल्ली रं बाबा?" रावजी म्हणाला. आता तोही हसत होता. "म्हातारीनं खास तुझ्यासाठी दोन सऱ्या लावल्या वांग्याच्या. त्या आता कुणाच्या गळ्यात घालू?"

दसऱ्याचं कीर्तन झालं. गोरक्ष पहिल्या रांगेत बसला, आणि रावजीनं महाराजांना काय सांगितलं कुणास ठाऊक, माळेचा विषय निघाला नाही. ती माळ रावजीनं मळ्यातल्या शेडमधल्या देवांच्या तसबिरीवर अडकवली. "ती देवाची झाली. पुढं कधी मनापासून वाटलं तर माग," एवढंच तो म्हणाला. गोळ्यांची बातमी तालुक्यात पसरलीच. दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली आणि पंप पुन्हा गळायला लागल्यावर परत आली. एकानं तर ब्लोअर सोडताना, नाशिकच्या त्या बाई कुठं बसतात, हे हळूच विचारून घेतलं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मळ्यात बोकडाचं मटण होतं. तिघांच्या हातात आपापले पेले, गोरक्षच्या हातात लिंबू-सोडा. शुद्धीत एकटाच असल्यामुळं सगळ्यांना जीपनं घरी सोडायचं काम त्याच्याकडे आलं. पुंजारामनं तर त्याच्या हातात तिकिटाचा पंचही ठेवला. गोरक्षनं तीन वेळा रस्सा घेतला. ताट चाटून पुसून तो हात धुवायला उठला, तेव्हा नाथा एक गोष्ट ऐन रंगात आणून सांगत होता.

"जरा थांब रं, नाथा," रावजी म्हणाला. "गोरख, गोळी?"

गोरक्षनं खिशातून पाकीट काढलं. रावजीनं आपला पेला बाजूला सारून त्याला तांब्या दिला आणि तो घोट घेईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला.

"हां," तो मग नाथाकडे वळून म्हणाला. "सांग आता पुढं."