तिसरं फडकं

घड्याळवाल्यांची गाडी टोचन करून गॅरेजच्या दारात आली तेव्हा वहिनी मागच्या खोलीत मटार सोलत बसल्या होत्या. गाडी त्यांनी पाहिली नाही, आधी ऐकली. डाव्या दाराची ती कुरकुर चौतीस वर्षांत तसूभर बदलली नव्हती. हातातला दाणा ताटलीत पडायचा तो जमिनीवर पडला आणि घरंगळत कपाटाखाली गेला.

मिस्त्रींची बायको म्हणून गॅरेजात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना वहिनी म्हणायचं. मिस्त्री जाऊन नऊ वर्षं झाली, गॅरेज लेक चालवू लागली, वहिनींची पंचाहत्तरी उलटली, तरी कुणी त्यांची काकू केली नाही की आजी.

लेकीचंही तसंच. लहानपणी ती हत्यारांच्या फळ्यांमागे लपून खेळायची आणि हाक मारली की सापडायची नाही, म्हणून मिस्त्रींनी तिचं नाव ठेवलं होतं दहाचा पाना. गॅरेजात सगळं मिळतं, दहाचा पाना तेवढा हवा तेव्हा मिळत नाही, असं ते म्हणायचे. आता ती चाळिशीची होती, चार माणसं तिच्या हाताखाली होती, तरी जुनी गिऱ्हाइकं दारातून अजून तशीच हाक मारायची.

"दहाचा पाना आहे का घरात?" घड्याळवाल्यांनी विचारलं. "आणि वहिनी, चहा आहे, की तोही टोचन करून आणू?"

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. घड्याळवाले फार वाकले होते. आयुष्यभर टेबलावर मान घालून बसल्याचा तो बाक. पण छातीवर दोरीला टांगलेलं भिंग तेच, आणि मागे उभी असलेली लाल गाडीही तीच, फक्त उन्हाने विटकरी झालेली.

"काका, हिला अजून ठेवलीत?" लेकीने बॉनेटवरून हात फिरवला.

"ठेवली म्हणजे काय, तीच मला ठेवून आहे. हे बघ पाना, इंजिन नव्याने बांधून घेतलंय. टर्बो आणलाय. पुढे तो इंटरकूलर बसवून घेतलाय. राहिल्या फक्त नळ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, फार तर हा उन्हाळा गाडी चालवा, मग किल्ली मुलाकडे द्या. त्याआधी मला एकदा ते अकरा दिवस परत हवेत."

अकरा दिवस म्हणजे कुठले ते वहिनींना कुणी सांगायला नको होतं. त्या चहा टाकायला आत वळल्या.

चहा घेऊन आल्या तोवर कामाच्या टेबलावर दुकान मांडल्यासारखं झालं होतं. एका बाजूला ॲल्युमिनियमच्या तयार नळ्या, कुणाला काटकोनाचं वळण, कुणाला त्याच्या निम्मं, कुणी सरळसोट. शेजारी निळ्या रबराचे जोड आणि पकडपट्ट्या. आणि दुसऱ्या बाजूला, जुन्या चादरीत गुंडाळून घड्याळवाल्यांनी आणलेली एक पोलादी नळी. दोन ठिकाणी वळलेली, दोन्ही वळणं वेगवेगळ्या दिशेला.

वहिनींनी किटली नळीपासून लांब ठेवली.

"जाड घेऊ या ना," घड्याळवाले म्हणाले. "तीन इंची. दिसायलाही झोकदार."

"दिसायला झोकदार आणि चालायला सुस्त. काका, टर्बो हवा दाबून पाठवतो. नळी जितकी जाड, तितका ती भरायला वेळ. तुम्ही पाय दाबणार आणि गाडी म्हणणार, आलेच हं, जरा पदर खोचते. अडीच इंच पुरे."

"बरं. आणि ॲल्युमिनियमच का?"

"दाबली की हवा तापते, आणि तापलेल्या हवेत दम नसतो. म्हणून ती इंटरकूलरमधून गार करून घ्यायची. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत एक नळी, तिथून इंजिनपर्यंत दुसरी. ॲल्युमिनियम हलकं, गंज नाही, आतून आरशासारखं. पहिली नळी या तयार वळणांतून आरामात जमतेय. घोळ आहे तो दुसरीचा."

दुसरीचा घोळ वहिनींना पाठ होता. बॅटरी आणि दिव्याच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून ती नळी आधी खाली आणि मग आत वळते. तयार तुकड्यांतून ती करायची तर चार जोड लागतात, आणि प्रत्येक जोड म्हणजे हवा निसटायची जागा. नाहीतर बॅटरी हलवायला गाडीचा पत्रा कापायचा. त्याला घड्याळवाल्यांनी चौतीस वर्षांपूर्वी पहिला टर्बो बसवतानाही नाही म्हटलं होतं आणि आताही म्हटलं.

"मग ही जुनीच साफ करून लावू," ते म्हणाले. "मिस्त्रींच्या हातची आहे."

लेकीने नळी उभी धरून टेबलावर आपटली. आतून गंजाच्या पापड्या पडल्या. तिने मान हलवली. "ही गेली. नमुना म्हणून चांगली आहे."

"तशीच नवीन वाकव मग. वाळू भरून."

"वाळूच्या भानगडीत मी पडत नाही, काका. बाबांसारख्या माणसाचा हात तिथे चुकला, माझी काय कथा? चार जोड देते. थोडा दम कमी मिळेल, पण इंजिन जाणार नाही."

"खरंय," घड्याळवाले म्हणाले. त्यांनी चहाचा घोट घेतला. "मिस्त्री स्वतःच म्हणाले होते मला. हात गेला माझा, म्हणाले. इतका मोठा कारागीर, पण लपवलं नाही."

उभ्या असलेल्या वहिनी स्टुलावर बसल्या.

त्या काळी बाजारात तयार वळणं मिळत नसत. नळी वाकवायची तर आत वाळू ठासायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारायची, मग तापवून वाकवायची. वाळू नसेल तर नळी वळणावर चेपते. आणि वाळूत ओल राहिली तर वाफ होऊन बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. म्हणून वाळू आधी भाजून घ्यायची, आणि ते काम वहिनींचं. स्वयंपाक आटोपला की त्याच शेगडीवर काळी कढई चढायची आणि वहिनी उलथन्याने तासभर वाळू परतायच्या. गिऱ्हाइकं दारातून डोकावून विचारायची, "वहिनी, आज काय बेत?" त्या म्हणायच्या, "बसा, मीठ तेवढं राहिलंय."

वाळू भरताना मिस्त्री नळीवर लाकडी ठोकळा मारत जायचे आणि वहिनी कान लावायच्या. पोकळ आवाज जाऊन भरीव, मुका आवाज आला की त्या मान डोलवायच्या. रेडिओवर काहीतरी लागलेलं असायचं, दारातून उन्हाची पट्टी लांब आत यायची, आणि लाल झालेली नळी मिस्त्रींच्या हातांत मेणासारखी वळायची. त्या क्षणी ते बोलत नसत. वहिनींना वाटायचं, सगळ्या जगात आत्ता एवढं एकच काम चाललंय.

वळल्यानंतरची सफाई पुन्हा वहिनींची. ठोकून वाळू काढायची, तारेचा ब्रश फिरवायचा, आणि मग दोरीला बांधून तीन फडकी आतून ओढायची. पहिलं रॉकेलचं. दुसरं कोरडं. तिसरं पांढरं. तिसरं पांढरंच बाहेर आलं तर ते मिस्त्रींच्या हातात द्यायचं. ते घडी करून डाव्या खिशात ठेवायचे आणि मगच नळी गाडीला लागायची. या गॅरेजात त्याशिवाय नळी लागली नव्हती.

"तुझ्या बाबांचा हात चुकला नव्हता," वहिनी म्हणाल्या.

लेकीने वर पाहिलं नाही. ती निळे जोड मोजत होती. "आई, तू त्यांची बाजू घेणारच."

"बाजू घेत नाही. सांगतेय. तिसरं फडकं मी ओढलंच नव्हतं."

लेकीचे हात थांबले.

"तू सहा वर्षांची होतीस. दारासमोरच्या उतारावरून पळताना पडलीस, गुडघा फुटला. माझ्याकडे पांढरं फडकं एकच उरलं होतं, ते मी तुला बांधलं. हे घड्याळवाले किल्ली हातात घेऊन दारात उभे होते. तुझ्या बाबांनी आतून हाक मारली, अगं, झालं का? दुसरं फडकं जवळपास स्वच्छ आलं होतं. मी चादरीचा एक कोरा तुकडा फाडला, नळीतून न ओढता तसाच त्यांच्या हातात दिला. आणि म्हटलं, झालं."

बाहेर कुणीतरी पत्र्यावर काहीतरी टाकलं.

"नळी लावल्यापासून अकराव्या दिवशी गाडी निळा धूर ओकत आली. इंजिन उघडलं तर मांजराने ओरबाडावं तसे आत ओरखडे. तुझ्या बाबांनी नळी काढली, ठोकली, आणि तळहातावर चिमूटभर वाळू पडली. मग खिशातून ते फडकं काढलं. ठेवलं होतं त्यांनी. बराच वेळ बघत होते. म्हणाले, फडकं तर स्वच्छ होतं. म्हणजे नंतर रबराचा जोड घट्ट बसावा म्हणून तोंडाची कड उठवताना मी हातोडी मारली, तेव्हाच आतली चिकटलेली वाळू सुटली. हात गेला माझा. मी तिथेच उभी होते, किटली घेऊन. म्हटलं, उद्या सांगू. उद्या करता करता ते गेले."

लेकीने गुडघ्याला हात लावला. तिथे पँटखाली तो व्रण अजून होता. "म्हणजे माझ्या गुडघ्यापायी."

"तुझ्या गुडघ्याला कशाला मध्ये घेतेस. माझ्या आळसापायी."

"बाबांना तरी सांगायचं होतंस."

"हो."

"त्यानंतर त्यांनी एकही नळी वाकवली नाही. मी हट्ट केला तर म्हणायचे, आपल्या घराला ते धार्जिणं नाही. मला शिकवलंच नाही त्यांनी." लेकीचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "बाहेरून वाकवून आणायचे. दुसऱ्याकडून. बाबा."

"हो," वहिनी पुन्हा म्हणाल्या.

लेकीने कानस उचलली आणि एका तयार नळीचं तोंड घासायला लागली. ते आधीच गुळगुळीत होतं.

घड्याळवाल्यांनी रिकामा कप बशीत ठेवला. "मी चौतीस वर्षं मिस्त्रींना माफ करून बसलो होतो, वहिनी. त्या मोठेपणाचं मला फार कौतुक होतं. चार लोकांत सांगायचो. ते सगळं फुकट गेलं."

वहिनींनी खाली पाहिलं.

"आता तुमचं नव्याने बघावं लागेल. पण म्हाताऱ्याला इतका वेळ नाही, एक उन्हाळा आहे." त्यांनी जुनी नळी उचलून लेकीपुढे ठेवली. "म्हणजे हात चुकला नव्हता. रीतही चुकीची नव्हती. पाना, मग आता चार जोड कशाला?"

"मला येत नाही, काका. सांगितलं ना, शिकवलं नाही."

"आईला येतं की."

कानस दोन-चार वेळा फिरली आणि थांबली. कुणाकडेही न बघता लेक म्हणाली, "वाळूचा डबा अजून फळीखालीच असेल."

डबा तिथेच होता. काळी कढईही सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी शेगडी पेटवली आणि स्टूल ओढून बसल्या. आता तासभर उभं राहवत नव्हतं. लेकीकडचा एक माणूस डोकावून गेला, पण त्याने काहीच विचारलं नाही. वहिनींना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

पहिली नळी चेपली. लेक म्हणाली वाळू कमी पडली, वहिनी म्हणाल्या घाई केलीस, आणि दोघींचं चांगलं वाजलं. त्या चौतीस वर्षांतलं बरंचसं त्या भांडणात निघून गेलं, नळीचं नाव करून. दुसऱ्या नळीच्या वेळी वहिनींनी कान लावला. लेक ठोकळा मारत गेली. पोकळ, पोकळ, अर्धवट. मग मुका.

"आता," वहिनी म्हणाल्या.

लेकीने तापवली, पाय रोवले आणि वाकवली. ती बोलत नव्हती. दारातून उन्हाची पट्टी आत आलेली होती, आणि वहिनींनी क्षणभर डोळे मिटून घेतले.

कड उठवण्याचं काम या खेपेला सफाईच्या आधी झालं. वहिनींनीच तसं सांगितलं. मग पहिलं फडकं काळं आलं. दुसरं राखाडी. तिसरं वहिनींनी सावकाश ओढलं, दोरी हाताला दोनदा गुंडाळून. पांढरं आलं. त्यांनी ते लेकीपुढे धरलं.

"थांबा," घड्याळवाले म्हणाले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि फडकं खिडकीपाशी नेलं. आयुष्यभर त्यांनी धुळीच्या एका कणापायी बंद पडलेली घड्याळं उघडली होती. "एक आहे. इथे, शिवणीजवळ."

वहिनींनी चादरीचा आणखी एक तुकडा फाडला. चौथ्यावरही घड्याळवाल्यांना काहीतरी दिसलं. पाचवं फडकं त्यांनी उलटसुलट पाहिलं, उजेडात धरलं, पुन्हा पाहिलं, आणि भिंग छातीवर सोडून दिलं.

लेकीने फडकं घेतलं, घडी केली आणि डाव्या खिशात ठेवलं. मग नळी गाडीला लावली.

पुढचे दिवस वहिनी मोजत होत्या. लेकही मोजत होती, हे त्यांना कळत होतं, कारण खिशातली ती घडी रोज कपडे बदलले तरी खिशात असायची. दहाव्या दिवशी जेवताना दोघींपैकी कुणाचंच लक्ष जेवणात नव्हतं. अकराव्या दिवशी घड्याळवाले आले नाहीत.

बाराव्या दिवशी सकाळी रस्त्याच्या टोकाकडून शीळ ऐकू आली. दाबलेल्या हवेची, बारीक, चढत जाणारी. मग ब्रेक, मग डाव्या दाराची कुरकुर.

"वहिनी, चहा आहे का?" घड्याळवाले दारातून म्हणाले. "काल टेकडीवर तीनदा गेलो. तिथे चहा मिळत नाही."

गाडीमागे धूर नव्हता. लेकीने बॉनेट उघडलं, नळीवरून हात फिरवला, तेलाची काडी काढून पाहिली आणि परत आत घातली. तिची बोटं तेलकट झाली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग डाव्या खिशातून ते फडकं काढलं, घडी मोडली आणि त्याला हात पुसले.

वहिनी आधण ठेवायला आत गेल्या.