गादीवरचं प्लॅस्टिक

गाद्यांच्या दुकानात मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते, घरी नेल्यावर आधी वरचं प्लॅस्टिक काढा. अर्धी माणसं काढत नाहीत. गादी खराब होईल म्हणून वर्षानुवर्षं प्लॅस्टिकवर घामाघूम झोपतात. त्यांना मी पोटभर हसते. म्हणजे आता हसते. ऑपरेशनआधी हसायचीही चोरी होती. हसलं, शिंकलं, गादी उचलली की लघवी सुटायची.

दुकानात कसंबसं निभावलं. घरात नाही. एकदा ऐन जवळिकीत तेच झालं आणि नवरा ताडकन उठून बसला. "शी," म्हणाला. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्याची पाठ दुखू लागली आणि तिला बाहेरचा सोफाच मानवू लागला. चार वर्षं मानवला.

ऑपरेशननंतरच्या तपासणीला तो सोबत होता. डॉक्टरीणबाईंनी मला खोकायला लावलं. थेंबही नाही.

"छान. झालं तर मग," त्या म्हणाल्या.

मीच विचारलं, "आणि नवरा-बायको म्हणून?"

"आता काही हरकत नाही. दुखलं तर मात्र सोसत बसू नका, मला येऊन सांगा."

नवरा भिंतीवरचं घड्याळ बघत होता.

मला तो हवा होता. पन्नाशीच्या बाईने असं म्हणू नये म्हणतात. मी म्हणते. मी दुकानातून नवी गादी मागवली. सुट्टीच्या सकाळी टेम्पोवाले ती पलंगावर टाकून गेले. मी चहा टाकला, तेवढ्यात खोलीतून कात्रीचा आवाज आला. त्याने आपणहून प्लॅस्टिक काढायला घेतलं म्हणून माझं काळीज सुपाएवढं झालं.

कप घेऊन आत गेले. प्लॅस्टिक त्याने बरोब्बर मधोमध कापलं होतं. त्याची बाजू उघडी. माझ्या बाजूचं तसंच, कापलेली कड चिकटपट्टीने नीट बसवलेली.

"अहो, मी बरी झालेय."

"हो गं. पण राहू दे थोडे दिवस. खबरदारी म्हणून."

मी कप खाली ठेवले. गादीच्या त्याच्या बाजूवर जाऊन आडवी झाले. तो जरा वेळ घुटमळला, प्लॅस्टिकवर हात ठेवून पाहिला, आणि पाठीचं काहीतरी पुटपुटत उशी घेऊन सोफ्याकडे गेला.

मी चिकटपट्टी ओरबाडून काढली. ते प्लॅस्टिक बाहेर नेऊन त्याच्या अंगावर टाकलं.

"अंथरा खाली. खबरदारी म्हणून."

मग अख्ख्या गादीवर एकटी पडले. गादी खरंच चांगली आहे. आणि तो मला अजूनही हवा होता, याचाच सगळ्यात जास्त संताप आला.